मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे

जयवंतशेठ पाटणकरांची नोटीस आली तेव्हा ती सही करून घेतली मी. ही सोसायटीच्या इतिहासातली सर्वांत मोठी चूक, असं आमचे अध्यक्ष दशरथ परब पुढे महिनाभर म्हणत होते.

"घ्यायचीच नाही ना मास्तर. घरी नाही म्हणून सांगायचं."

मी दारात उभा असताना घरी नाही असं कसं सांगणार, हे मला विचारायचं होतं. पण ते त्यांच्या जागी बरोबरही असतील म्हणून गप्प राहिलो. मी मास्तर कधीच नव्हतो, तेही एवढ्या वर्षांत कुणाला सांगायचं राहून गेलं आहे. एकतीस वर्षं पालिकेच्या वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घालत होतो. अक्षर बरं आहे, आणि नाही म्हणता येत नाही, एवढ्या दोन गुणांवर मला 'कुणकेश्वर' सोसायटीचा सेक्रेटरी केलं होतं.

बोरिवली पूर्वेची ही आमची तीन मजली इमारत. बिऱ्हाडं चोवीस. जयवंतशेठनी ती एक्क्याऐंशी साली बांधली. पुढे सहा फुटांची गल्ली, मागे बरीच मोकळी जागा, तिच्यात एक शेवगा. शहाऐंशीच्या फेब्रुवारीत आलेल्या नोटिशीत लिहिलं होतं की, या मागच्या जागेत एक एप्रिलपासून आठ गॅरेजेस बांधण्यात येतील. मागून आता रस्ता झाला आहे, तिकडची भिंत फोडून गाड्या आत येतील. आणि फ्लॅटधारकांनी एक्क्याऐंशी सालीच याला तोंडी संमती दिलेली असल्याने कोणाचीही हरकत चालणार नाही.

तळमजल्यावरच्या जानकी तावडेंनी ही नोटीस माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. त्यांचे यजमान गिरणीत होते, संपाच्या वर्षी गेले. तेव्हापासून बाई कुरडया, फेण्या, सांडगी मिरच्या करून विकतात. मार्च ते मे ती मागची जागा म्हणजे पांढऱ्या धोतरांवर वाळणारा त्यांचा वर्षाचा पोटापाण्याचा व्यवहार. उरलेले नऊ महिने त्या त्यावर काढतात.

"म्हणजे माझ्या खिडकीक भिंत लावतले," त्या म्हणाल्या. "मगे मी कुरडयो खंय सुकवू? ह्या दशरथाच्या टकलार?"

"जागा पुरणार नाही वहिनी," दशरथ म्हणाले. "वकील करायला पाहिजे."

वकील करायचा हे सभेत एकमताने ठरलं. कसा करतात हे कुणालाच माहीत नव्हतं. खजिनदार भीमराज ओव्हाळ टेलिफोन खात्यात आहेत, त्यांनी सुचवलं की निवडसमिती नेमावी आणि तिने वकील बघून यावेत. म्हणून अध्यक्ष, खजिनदार आणि मी असे तिघं ठरलो. जानकीबाईंना कुणी नेमलं नव्हतं, पण त्या पिशवीत कुरडयांचे पुडे घेऊन आमच्या आधी गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या.

पहिले वकील दशरथभाऊंचे. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी यांची ग्रॅच्युइटी मिळवून दिली होती. घाटकोपरला एका जिन्याखाली त्यांचं टेबल होतं. त्यांनी आमचं म्हणणं डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "मालक कोण?"

"मालक आम्हीच," भीमराज म्हणाले.

"मग कामगार कोण?"

कामगार नव्हते. एक वॉचमन होता, पण त्याची काही तक्रार नव्हती.

"मालकांचं मालकांशी भांडण आपण घेत नाही," वकील खेदाने म्हणाले. "पण तुम्ही गेटवर बसा. घोषणा मी लिहून देतो." जानकीबाईंनी दिलेले दोन पुडे मात्र त्यांनी घेतले, आणि ते विकतच्यापेक्षा चांगले असल्याचं नंतर पोस्टकार्डाने कळवलं.

दुसरे वकील अंधेरीचे. भीमराजांच्या साहेबांनी त्यांचं नाव दिलं होतं. तिथे एसी होता, आणि खुर्च्या अशा की भीमराज एकदा बसले ते उठायला तयार नव्हते. वकीलसाहेब फोनवर बोलत आमच्याकडे पाहून मान डोलवत होते. मी तोवर कपाटातले कायद्याचे ग्रंथ पाहत होतो. तांबड्या कातडी बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे, एकाशेजारी एक अठ्ठेचाळीस. उघडलेल्या पुस्तकाची पाठ कशी दिसते ते मला कळतं. यातलं एकही कधी उघडलेलं नव्हतं. चौदावा खंड दोनदा होता आणि पंधरावा नव्हताच. पण आपल्याला काय कळतंय असं वाटून मी बोललो नाही.

फोन ठेवून साहेब म्हणाले, "काळजी करू नका. मॅटर आपण असं लढवू की आठ-दहा वर्षं समोरचा हलणार नाही."

"आणि तोपर्यंत गॅरेज?" दशरथभाऊंनी विचारलं.

"ती तोपर्यंत असतील."

जानकीबाई उठल्या. पिशवीत हात घालून त्यांनी काढत आणलेला पुडा पुन्हा आत टाकला.

तिसऱ्या वकीलबाई मुलुंडच्या. नाव लता शेजवळ. त्यांचा पत्ता कुणी दिला हे मला आठवत नाही; जानकीबाई म्हणतात, त्यांच्या मिरच्या घेणाऱ्या रत्नप्रभाबाईंनी. ऑफिस पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर होतं. फायलींवर पीठ, खिडकीवर पीठ, वकीलबाईंच्या काळ्या कोटाच्या खांद्यावरही थोडं. वय तीस-बत्तीस. आवाज इतका बारीक की दशरथभाऊ माझ्या कानात म्हणाले, "कोर्टात हिचं ऐकू कुणाला जाणार?"

तेवढ्यात खाली गिरणी सुरू झाली. जिना थरथरू लागला. आणि लताबाईंनी त्याच शांतपणे, पण असा आवाज काढून विचारलं की खालचं गिऱ्हाईक दचकून वर बघू लागलं, "जागा मोजलीये का कुणी? मंजूर नकाशा आणलाय? एक्क्याऐंशी साली तुम्ही हो म्हणालात असं ते म्हणतायत. नाही म्हणाल्याचं काही लेखी आहे?"

आधीच्या दोघांनी आम्हाला काही विचारलंच नव्हतं. आम्ही बावरून गेलो. नकाशा भीमराजांनी आणला होता, त्यात जागा मोकळी दाखवलेली होती. लेखी मात्र काही नव्हतं.

"पहिली सभा झाली असेल ना? ती बिल्डरच बोलावतो. तिचं इतिवृत्त कुठंय?"

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीवरच्या पिठाकडे पाहू लागलो.

याचं कारण सांगायला हवं. आमच्याकडे प्रत्येक सभेत पहिला विषय असतो, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. तेव्हा मी वाचत असतो आणि बाकीचे खुर्च्या लावत असतात. कुणी पंख्याचं बटण शोधतं, कुणी मुलांना हाकलतं. मग दशरथभाऊ म्हणतात, "झालं? कायम." आणि सही करतात. माझा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही जात नाही, हे मला ठाऊक आहे. आपण लिहिलेलं कुणीच ऐकत नाही हे एकदा कळल्यावर माणूस सैल होतो. काय लिहावं आणि काय गाळावं हे मला तसंही ठरवता येत नाही. गाळलेलंच महत्त्वाचं निघालं तर, अशी भीती वाटते. म्हणून मी सगळंच लिहीत गेलो. कोण काय बोललं, कुणी चहा आणला, कोण झोपलं. पाच वर्षांत एकशे सत्याहत्तर पानं झाली होती.

"घेऊन या," लताबाई म्हणाल्या.

मी दुसऱ्या दिवशी एकटाच घेऊन गेलो. त्यांनी पहिलं पान उघडलं आणि वाचू लागल्या. मी पिठाने पांढऱ्या झालेल्या स्टुलावर बसून होतो. थोड्या वेळाने त्यांनी पदर तोंडाला लावला. मग चष्मा काढून डोळे पुसले. खाली गिरणी बंद झाली तरी त्या वाचतच होत्या.

"काका, हे तुम्ही एकट्यांनी लिहिलंत?"

"चुकलं असेल तर..."

"पान तीन," त्या म्हणाल्या. "पान तीनवर तुमची केस आहे. खाली पाटणकरांची सहीसुद्धा आहे." मग शेवटच्या पानावर, निवडसमितीच्या कालच्या नोंदीवर, बोट ठेवून त्यांनी वाचलं, "'वकीलबाईंचा आवाज कोर्टात ऐकू जाईल का अशी शंका अध्यक्षांनी काढली. गिरणी सुरू झाल्यावर शंका मागे घेतली.' हे छान आहे. अंधेरीच्या वकिलांची पुस्तकं कोरी होती हे तर फारच छान आहे."

मला जमीन दुभंगावीशी वाटली, पण ती माळ्याची होती आणि खाली गिरणी होती.

"एक अडचण आहे," लताबाई म्हणाल्या. "पुस्तक दाखवायचं तर पुरं दाखवावं लागेल. पानांना नंबर आहेत. एक जरी पान फाडलं, एक जरी ओळ खोडली, तर ते म्हणतील हे तुम्ही मागाहून बनवलंय. आणि पुरं दाखवलं की त्यांचा वकील कुठलंही पान मोठ्याने वाचणार. तेव्हा आधी तुमच्या लोकांना विचारा, चालेल का."

विचारायचं म्हणजे वाचून दाखवायला हवं होतं. रविवारी मागच्या अंगणातच सभा घेतली. मी वाचलं, पण माझा आवाज गेला नाही म्हणून भीमराजांनी पुस्तक हातातून घेतलं आणि मोठ्याने सुरुवात केली.

"'पंपाविषयी अध्यक्षांनी सांगितले की, पंप त्यांच्याच हातून बिघडला, पण हे कुणाला सांगू नये. हे नोंदवू नये असेही त्यांनी सांगितले.'" भीमराज थांबले. "परबसाहेब? आपण त्या पंपवाल्याला महिनाभर शिव्या घालत होतो."

"मास्तर," दशरथभाऊ म्हणाले, "नोंदवू नये म्हणून सांगितल्याचीही नोंद करतात काय रे?"

"पुढे आहे," भीमराज आनंदाने म्हणाले. "'खजिनदार श्री. ओव्हाळ हे आठ मिनिटे झोपले. उठल्यावर त्यांनी ठरावास अनुमोदन दिले.'" त्यांचा आनंद मावळला. "कुठला ठराव होता?"

"वाचा की, तुम्हीच दिलंय अनुमोदन," मागून कुणीतरी म्हणालं.

मग तिसऱ्या मजल्याची पाळी आली. जानकीबाई एका सभेत म्हणाल्या होत्या की, गणपतीची वर्गणी मागायला गेलं की तिसऱ्या मजल्यावरचे लोक कडी लावून रेडिओ बंद करतात आणि श्वास रोखून बसतात. तेही मी शब्दशः लिहिलं होतं. तिसऱ्या मजल्यावरचे धोंडू राणे उभे राहिले.

"हे पान जायला पाहिजे. हे कोर्टात वाचणार? माझा साडू तिथे शिरस्तेदार आहे."

"फाडता येत नाही," मी म्हणालो, पण ऐकू गेलं नसावं.

गलका झाला. पान फाडा, अर्धंच पान फाडा, शाई सांडा, पुस्तक हरवलं म्हणून सांगा, असे उपाय येत होते. मी एका खुर्चीच्या पाठीला धरून उभा होतो. पाच वर्षं एका वेड्याने शेजाऱ्यांच्या चुका गोळा केल्या, आणि आता त्यांच्यापायी जागाही बुडणार, असं मला वाटत होतं. जानकीबाईंचा मार्च सुरू झाला होता; शेवग्याखाली त्यांची धोतरं पसरलेली होती आणि आमच्या सगळ्यांच्या पायांपासून त्यांनी ती विटा ठेवून वाचवली होती.

त्या उठल्या. कुरडयांच्या पिठाचे हात पदराला पुसले.

"धोंडू, तू कडी लावतंस की नाय?"

"वहिनी, तो प्रश्न नाही..."

"लावतंस. आणि मी तां बोललंय. बोललंय तां लिवल्यान, त्येचो काय गुन्हो?" त्या माझ्याकडे वळल्या. "मास्तरांनू, माझा पयला वाचा. जज्जाक कळांदेत जानकीची जीभ किती लांब. जीभ ऱ्हवली काय, गेली काय. ही जागा गेली तर मी खातलंय काय?"

दशरथभाऊंनी टक्कल खाजवलं.

"पंप मीच बिघडवला," ते शेवटी म्हणाले. "जाऊ दे कोर्टात."

धोंडू राण्यांनी एकच अट घातली, या वर्षीची वर्गणी आपण स्वतः खाली आणून देऊ आणि तीही नोंदवावी. मी नोंदवली.

लताबाईंनी दाव्याचे कागद तयार ठेवले, पण कोर्टात जाण्याआधी त्यांनी एक पत्र लिहिलं. जयवंतशेठना बावीस मार्चच्या सभेला बोलावलं. विषय पहिला, एक्क्याऐंशीच्या पहिल्या सभेचे इतिवृत्त वाचणे. विषय दुसरा, गॅरेजेस.

"ते तर तेव्हाच कायम झालंय," मी म्हणालो.

"पुन्हा वाचायला कुणी मनाई केलेली नाही. आणि वाचायचं तुम्ही. उद्या कोर्टात शपथेवर सांगायची वेळ आली तर तुम्हालाच सांगावं लागेल."

मला त्या आठवड्यात ताप आला नाही, याचंच मला वाईट वाटलं.

बावीस तारखेला संध्याकाळी पाचला जयवंतशेठ आले. बरोबर त्यांचे मेहुणे लवू होते. आता ते धंद्यात निम्मे भागीदार होते, आणि गॅरेजची कल्पना त्यांचीच होती. शेठनी येताच हात जोडले, जानकीबाईंच्या धोतरांकडे पाहिलं आणि म्हणाले, "अजून चालू आहे का उद्योग? वा." मग घड्याळ बघत बसले.

मी पुस्तक उघडलं. लताबाई शेवटच्या खुर्चीवर, पार भिंतीपाशी जाऊन बसल्या आणि त्यांनी कानाला हात लावला. मला कळलं. गिरणी चालू आहे असं समजून मी वाचायला लागलो.

"'श्री. पाटणकर यांनी मागच्या दारात उभे राहून हात फिरवला व म्हणाले, ही सगळी मोकळी जागा तुमचीच. क्रिकेट खेळा, पापड वाळत घाला. श्रीमती जानकी तावडे यांनी विचारले, पुढेमागे इथे काही बांधणार नाही ना? श्री. पाटणकर म्हणाले, बाई, तुम्ही खुशाल वाळवणं घाला, मी इथे एक वीट ठेवणार नाही.'"

पाच वर्षांत पहिल्यांदा खुर्ची सरकल्याचा आवाज येत नव्हता. सगळे ऐकत होते. हे इतकं नवीन होतं की मी क्षणभर ओळ चुकलो.

जयवंतशेठ हसले. "कुणी काय लिहावं यावर माझा थोडाच ताबा?"

"खाली सही आहे आपली," लताबाई मागून म्हणाल्या. "सभेचे अध्यक्ष म्हणून. काका, पुढे."

"'यावेळी चहा आला. श्री. पाटणकर यांनी साखर कमी मागितली.'"

"हे कशाला वाचताय?" शेठ म्हणाले.

"कोर्टात सगळंच वाचावं लागेल," लताबाई म्हणाल्या.

"'त्यानंतर श्री. धोंडू राणे यांनी जिन्याची एक पायरी उंच झाल्याची तक्रार केली. त्यावर श्री. पाटणकर म्हणाले, नकाशा माझ्या मेहुण्याने काढला...'"

"पुरे," शेठ म्हणाले.

"वाचा," लवू म्हणाले.

मी लताबाईंकडे पाहिलं. त्यांचा हात अजून कानालाच होता.

"'...मेहुण्याने काढला. बायकोचा भाऊ म्हणून ठेवलाय. त्याला पट्टी लावूनही सरळ रेघ येत नाही. फुकटचे जेवतो आणि पायऱ्या मोजायला विसरतो. सर्व जण हसले. श्री. पाटणकर सर्वांत जास्त हसले.'"

लवू हळूच वळले.

"भाऊजी, तुम्ही हे म्हणालात?"

"अरे, गमतीत..."

"चोवीस बिऱ्हाडांसमोर?"

"त्या वेळी बावीसच विकली गेली होती," मी म्हणालो. अचूकपणाची सवय वाईट.

"ताईला माहीत आहे हे?"

जयवंतशेठनी रुमाल काढून मान पुसली. कोर्टाला ते घाबरले नसते. त्यांची आणखी तीन प्रकरणं चालू होती असं ते येतानाच सांगत होते. पण घरी बायकोसमोर, शेवंतीबाईंसमोर, हे पान वाचलं जाणार हे त्यांना दिसायला लागलं. ते लताबाईंकडे वळून हळू म्हणाले, "हे पुस्तक कोर्टात दिलं की कुणालाही बघायला मिळतं?"

"मिळतं. प्रती काढायलाही मिळतात."

"आणि नाही दिलं तर?"

"तर कुलपात राहील. आज आपण गॅरेजची नोटीस मागे घेतल्याचं लिहून दिलंत, तर द्यायची गरजच पडणार नाही."

"लिहून द्या भाऊजी," लवू उठून चालू लागले. "मला नाहीतरी सरळ रेघ येत नाही. आठ गॅरेजच्या चोवीस रेघा कोण काढणार?"

शेठनी तिथेच लिहून दिलं. मी सभेचं इतिवृत्त लगेच लिहिलं आणि सहीसाठी पुढे केलं. या वेळी शेठनी ते शब्द न् शब्द वाचलं. चहा गार झाला. मग जुनं पान तीन उघडून, त्या मेहुण्याच्या ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "काका, एवढी एक ओळ खोडा. माझी विनंती समजा."

मला आयुष्यात कुणाला नाही म्हणता आलं नाही. ते वयस्क गृहस्थ होते, थकलेले दिसत होते, आणि ओळ एकच होती. माझा हात पेनाकडे गेला. जानकीबाई धोतराच्या विटा उचलत होत्या, त्या थांबल्या.

"ते कायम झालंय," मी म्हणालो.

जानकीबाईंनी लताबाईंना पाच पुडे दिले. त्यांनी आपली फी वेगळी घेतली, तीसुद्धा अंधेरीच्या एका खुर्चीच्या किमतीपेक्षा कमीच असावी. पुढची सहा वर्षं सोसायटीच्या वकील त्याच होत्या.

या सगळ्याचा एक तोटा झाला. आता मागील सभेचे इतिवृत्त वाचायला लागलं की सगळे कान टवकारून बसतात. धोंडू राणे प्रत्येक वाक्याला हरकत घेतात, भीमराज आपण झोपलो नव्हतो, डोळे मिटून विचार करत होतो असं दुरुस्त करून मागतात, आणि पहिल्या विषयालाच दीड तास जातो. दशरथभाऊ म्हणतात, मास्तर, तुमचं लिहिणं ऐकायला लागलो तेव्हापासून आमचं बोलणंच बंद झालं.

बावीस मार्चच्या इतिवृत्तात शेवटी एक वाक्य आहे. ते मी स्वतःहून लिहिलं नव्हतं, जानकीबाईंनी उभं राहून नोंदवायला लावलं होतं. 'सचिवांचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचला.' घरी आल्यावर मला ते जरा जास्तच वाटलं. असं स्वतःबद्दल लिहिणं बरं दिसत नाही, आणि शेवटची खुर्ची म्हणजे नक्की कुठली हेही स्पष्ट नाही. मी दोनदा पेन उचललं. पण ओळ खोडायची नाही असं वकीलबाईंनी बजावलं होतं, म्हणून ती राहिली.